अर्थशास्त्राच्या टेबलावर दहा दिवस

सोमवार, ३ जून

मी रोजनिशी लिहिणारी बाई नाही. लिहावे लागते आहे, कारण विभागप्रमुख बाईंनी एक नोंदवही हाती दिली आणि बजावले, की तीत कोण आले, काय विचारले आणि अर्ज घेतला की नाही एवढेच लिहायचे. मते लिहायची नाहीत. मते कुठेतरी ठेवायला हवीत. ती या वहीत.

प्रसंग असा. १३ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेणारे वीस विद्यार्थी मिळाले नाहीत, तर कॉलेज पदवीचा हा विषय बंद करणार. कायमचा. हे पत्र आले त्याच आठवड्यात विभागप्रमुख बाई ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. कॉलेजात त्या माझ्या दोन वर्षे मागे होत्या. फोनवर म्हणाल्या, "ताई, तुम्ही निवृत्त आहात, आवाज खणखणीत आहे आणि तुम्हाला नाही म्हणायची लोकांना भीती वाटते. प्रवेशाच्या टेबलावर बसाल?"

मी बसले. सभागृहात बारा टेबले आहेत. आमचे सातवे, खांबाच्या मागे. सहाव्यावर वाणिज्य शाखेचे सर आहेत. त्यांच्या मागे टाय लावलेल्या हसऱ्या तरुणाचे चित्र आणि पुढे दारापर्यंत रांग. आमच्याकडे आधीच आलेले सहा अर्ज आणि एक डुगडुगती खुर्ची. पायाखाली कागदाची घडी घालून खुर्ची नीट केली.

दिवसभरात दोघे आले. एकाने स्वच्छतागृह विचारले.

मंगळवार, ४ जून

एकही अर्ज नाही. वाणिज्यवाले सर दुपारी चहाचा कप पुढे करत म्हणाले, "काय बाई, दुकान मांडलंत पण गिऱ्हाईक दिसत नाही."

"माल चांगला असला की उशिरा खपतो," मी म्हटले.

"माझ्याकडे ताजा खपतो." हसले. चहा मात्र बरा होता.

मुलांची अडचण मला दिसते. वाणिज्य म्हटले की हिशेबनीस डोळ्यांपुढे येतो, रसायनशास्त्र म्हटले की प्रयोगशाळा. अर्थशास्त्र म्हटले की काहीच येत नाही. "हे शिकून माणूस होतो काय?" असे एका मुलाच्या आईने मला सरळ विचारले. प्रश्न रास्त आहे. उद्या त्याचे उत्तर टांगते.

बुधवार, ५ जून

उत्तर टांगले. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाचा मेळावा ठरला होता (झाला नाही), तेव्हा मी सगळ्यांना पत्र पाठवून सध्याचे पद विचारले होते. नऊ उत्तरे आली होती. ती मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहिली. बँकेत विभागीय अधिकारी. विमा कंपनीत जोखीम ठरवणाऱ्या विभागाची प्रमुख. सांख्यिकी कार्यालयात उपसंचालक. वृत्तपत्रात संपादक. प्राध्यापक दोन. बाजार सर्वेक्षणाच्या संस्थेचा मालक. नियोजन विभागात सल्लागार. निर्यात करणाऱ्या कारखान्यात खरेदीप्रमुख. वर लिहिले, "आमच्या वर्गातले विद्यार्थी आज कुठे आहेत?"

पुठ्ठा टांगताच परिणाम. एक वडील आले, "बँक" या शब्दावर बोट ठेवले आणि तिथेच मुलाचा अर्ज भरून टाकला. मुलगा कानात गाणी लावून बाहेर जिन्यावर बसला होता, त्याने आत येऊन नुसती सही केली. एकूण सात! मला भारी आनंद झाला.

मग ती आली. बारीक अंगाची, आखूड केसांची, पाठीला जड दप्तर. पुठ्ठा पुरता वाचला. ओळी मोजल्या.

"काकू, वर्गात किती जण होते?"

"चौतीस."

"मग बाकीचे पंचवीस?"

मी म्हटले, "त्यांनी उत्तर पाठवलं नाही."

"का नाही पाठवलं?"

"ते मला काय ठाऊक?"

"अच्छा," म्हणाली आणि गेली. अर्ज घेतला नाही. हल्लीच्या मुलांना बोलण्याची रीत नाही.

गुरुवार, ६ जून

त्या मुलीने सकाळ नासवली. दात घासताना लक्षात आले. मी पत्रात विचारले होते "सध्याचे पद." ज्यांच्याकडे पद होते त्यांनी कळवले. ज्यांच्याकडे नव्हते ते काय कळवणार? म्हणजे मी फक्त फळे लागलेली झाडे मोजली आणि बाग कशी आहे ते सांगत सुटले. नमुना कसा निवडू नये हे पहिल्या वर्षाला शिकवतात. आणि मी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेली!

पुठ्ठा उतरवला. वाणिज्यवाले सर म्हणाले, "अहो, बरा दिसत होता की!"

"दिसत होता," मी म्हटले.

जुना हजेरीपट घेऊन टेबलावरूनच फोन लावायला सुरुवात केली. गिऱ्हाईक नसल्याचा एवढा तरी फायदा.

शुक्रवार, ७ जून

दोन दिवसांत एकोणीस जण सापडले! दोन वारले. तिघांचा पत्ता नाही. घसा बसला आहे आणि निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत नव्हते इतकी मी ताजीतवानी आहे.

एक जण दहा खोल्यांचे लॉज चालवतो. एक जण इस्पितळात कोणत्या कक्षाला किती परिचारिका द्यायच्या ते ठरवते. एकाचे बियाण्यांचे दुकान आहे. एक भाषांतर करते. पहिल्या बाकावर बसणारी, आम्ही तिला खारूताई म्हणायचो, ती घरी आहे. मी विचारले, "काय लिहू?"

"घर लिही."

"गृहिणी लिहिते."

"घर लिही म्हटलं ना. तीन मुलं, नवऱ्याचं आजारपण आणि सासूचा स्वभाव. एका हातात किती मावतं ते मी ठरवलं गं रोज. कुठल्या पुस्तकात होतं ते तूच आठव."

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मी दोन वर्षं बेकार होतो. नंतर बरं झालं. पण ती दोन वर्षं लिहिणार असशील तरच माझं नाव घाल." आणि एक, जी आता कापडावर छपाई करते, ती म्हणाली, "मला तो विषयच आवडला नव्हता. लिहितेस?"

लिहिते म्हटले.

संध्याकाळी विभागप्रमुख बाईंना वाचून दाखवले. "ताई, हे सगळं टांगणार? आपल्याला वीस हवेत. आहेत सात."

"खोटा नमुना दाखवून मुलं गोळा करायची असतील तर दुसरी बाई बघा."

"दुसरी कुठून आणू?" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "टांगा."

शनिवार, ८ जून

नवा पुठ्ठा. तेहतीस ओळी, चांगल्या, वाईट, वारलेल्या, न सापडलेल्या. आधीच्या सहांपैकी दोघांनी तो वाचला आणि अर्ज परत मागितले. दिले. एकूण पाच.

आखूड केसांची पुन्हा आली. मोजले. "तेहतीसच आहेत. चौतिसावं कोण?"

"मी. मी इथे बसले आहे, पुरे."

"पण तुम्ही काय झालात?"

मी पुढे शिकायचे ठरवले होते. संशोधन करायचे होते. त्याच वर्षी वडील निवृत्त झाले आणि मी बस कंपनीत वेळापत्रक विभागात लागले. तिथे एकतीस वर्षे. त्याला अर्थशास्त्रातली वाटचाल म्हणणे म्हणजे मुलांची दिशाभूल, म्हणून ओळ घातली नाही. एवढे सगळे तिला कशाला सांगा? "बसच्या वेळा लावत होते," म्हटले.

"त्यात काय असतं?"

आता असे कोणी विचारल्यावर राहवत नाही. तिला नऊ नंबरची गोष्ट सांगितली. दुपारच्या फेऱ्या रिकाम्या जात होत्या. साहेब म्हणाले, मागणी नाही, मार्ग बंद करा. मी तीन दिवस त्या बसमध्ये बसून राहिले. बस इस्पितळावरून दोनला सुटायची. परिचारिकांची पाळी दोनला संपायची. कपडे बदलून, कामाची सूत्रे देऊन त्या दोन दहाला फाटकावर धावत यायच्या आणि बसचा धूर बघायच्या. बस सव्वादोनला केली. एकही नवी गाडी नाही, एकही नवा चालक नाही. पंधरवड्यात उभे राहायला जागा नाही! रिकामी बस म्हणजे मागणी नाही असे नव्हे, हे मला साहेबांच्या टेबलावर हात आपटून सांगावे लागले होते.

सांगता सांगता इथेही आपटला. वाणिज्याच्या रांगेतली तीन-चार मुले वळून ऐकत होती. अर्धा तास फुकट गेला. नोंदवहीत लिहिला नाही.

दुपारी चार अर्ज आले! एकूण नऊ. पुठ्ठ्याचा परिणाम उघड आहे. खरे सांगितले की मुले येतात.

रविवार, ९ जून

सुट्टी. धाकट्या बहिणीने जेवताना विचारले, "कसलं एवढं चालू आहे? गाल लाल झालेत तुझे."

मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "तुझ्या बसच्या गोष्टी मी एकतीस वर्षं ताटावर बसून ऐकल्या. आता नवे कान मिळाले म्हण की!"

मी म्हटले, बसचा विषय ओझरता निघाला, कामाचा भाग पुठ्ठा आहे.

"हो का?" म्हणाली आणि भाजी वाढली. तिला या विषयातले कळत नाही.

सोमवार, १० जून

आज पाच अर्ज! पाच! एकूण चौदा.

सकाळी शनिवारचीच मुले आणखी काहींना घेऊन आली. वाटले, पुठ्ठा दाखवायला आणले. तर एक जण म्हणतो, "काकू, ती बसची सांगा ना ह्यांना." मी म्हटले, एकदा सांगितलेले पुन्हा सांगत नाही. तर म्हणाले, मग दुसरी सांगा.

नाइलाजाने बक्षिसाची सांगितली. कंपनीने जाहीर केले, जी बस शेवटच्या थांब्यावर वेळेत पोचेल तिच्या चालकाला बक्षीस. महिन्याभरात सगळ्या बसगाड्या वेळेत! साहेबांनी पेढे वाटले. मग तक्रारींचा ढीग. चालक थांब्यांवर थांबतच नव्हते. माणसे हात करत राहायची आणि बस वेळेवर निघून जायची.

"मग?" मुले.

मग ठरवले, जो जास्त प्रवासी आणेल त्याला बक्षीस. तर चालक थांब्यावर बस लावून बसू लागले. माणसे गोळा होईपर्यंत हलेनात. एक तर गाडी बंद करून दाढी करून आला.

मुले हसून टेबलावर पडली. मी दटावले. हसण्यासारखे काही नाही, यात दोन वर्षे गेली. माणसाला ज्याचे बक्षीस द्याल तेच तो करतो, तुमच्या मनात काय होते ते करत नाही. शेवटी बक्षीसच काढले. चालकांना बोलावून विचारले, वेळ का चुकते. दोन ठिकाणी सिग्नल चुकीचा होता.

एका मुलीने विचारले, "हे अर्थशास्त्र आहे?"

"नाही तर काय पाककृती आहे?" मी म्हटले आणि त्यांना पुठ्ठ्याकडे पाठवले. त्यांनी वाचला, म्हणजे तसे दिसले तरी. नंतर अर्ज मागितले.

मंगळवार, ११ जून

एक अर्ज. पंधरा. मुलांना आज कडक शब्दांत सांगितले, की बसविषयी बोलणार नाही, करिअरविषयी प्रश्न विचारा. विमा, बँक, सांख्यिकी, संशोधन, सगळे पद्धतशीर समजावले. गणित किती लागते (लागते, पळवाट नाही), पदव्युत्तर केल्याशिवाय कुठे अडते, पदवीवर काय मिळते. मुले नम्रपणे ऐकून गेली. माहिती पचायला वेळ लागत असावा.

बुधवार, १२ जून

आज जे झाले ते सभागृहात शोभणारे नव्हते आणि त्याला मीच जबाबदार आहे.

अकरा वाजता आखूड केसांची म्हणाली, "काकू, एक साधा प्रश्न. सगळ्यात अवघड काय होतं तुमच्या कामात?"

मी म्हटले, एक जादा बस. वर्षाकाठी कधीतरी एक गाडी जादा मिळायची आणि ती मागणारे तीन अर्ज असायचे. एक इस्पितळ, एक शाळा, एक कारखाना. एकाला दिली की बाकी दोघांना दिली नाही. गाडीची खरी किंमत तीच, जे दिले नाही ते.

"मग कुणाला द्यायची?"

"तूच सांग."

एवढेच बोलले. ती म्हणाली इस्पितळ. शेजारच्या रांगेतून एक उंच मुलगा, सदऱ्याच्या खिशात तीन पेने, मान वळवून म्हणाला, "का? कारखाना बंद पडला तर इस्पितळात जायला लोकांकडे राहील काय?"

"आजारी माणूस काय कारखाना सुरू व्हायची वाट बघणार?"

"आजारी रोज नसतो. कामावर रोज जायचं असतं!"

"अरे, शाळा! शाळेचं कोणी बोलतच नाही!" तिसरी.

"शाळेला पालक सोडतील."

"तुझे सोडतात म्हणून सगळ्यांचे सोडतात का रे?"

दहा मिनिटांत वीस जण होते. मी विचारले, किती वाजता? किती लांब? दुसरी वाट आहे का? आज ती माणसे कशी जातात? मोजल्याशिवाय बोलू नका. तर एकाने कागद घेतला आणि रकाने पाडले! वाणिज्याची रांग पार मोडली. सर उठून आले.

"अहो बाई, माझी रांग परत द्या."

"मी घेतली नाही."

"तीन पेनवाला माझा होता!" असे म्हणून ते दहा मिनिटे उभे राहून ऐकत राहिले आणि जाताना म्हणाले, "शाळा. माझं मत शाळेला." वर चहा पाठवून दिला. या माणसाचे काही कळत नाही.

दीड वाजता मला आवाज चढवून सभा मोडावी लागली. एवढ्या गोंधळातही पुठ्ठ्याने आपले काम केले, कारण संध्याकाळपर्यंत चार अर्ज आले. पहिला आखूड केसांच्या मुलीचा. एकूण एकोणीस!!

दोन उद्गारचिन्हे मी आयुष्यात कधी दिलेली नाहीत.

गुरुवार, १३ जून

सकाळी सव्वाअकराला विसावा अर्ज. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि काय करावे न सुचून पुन्हा बसले. विभागप्रमुख बाईंना फोन केला. त्या रडल्या. मी म्हटले, रडणे पाचनंतर.

मग सगळे अर्ज नीट लावताना पाच तारखेचा हाती आला. वडिलांनी भरलेला, बँक म्हणून. अक्षर वडिलांचे, सही तेवढी मुलाची. अर्जावर फोन होता. लावला. मुलगा आला.

मी विचारले, "तुला हा विषय हवा आहे?"

"बाबांना हवाय."

"मी तुला विचारते आहे."

"मला चित्रकला हवीय. दहावं टेबल." मग घाईने, "पण राहू दे काकू. तुमचे वीस होतायत ना? बाहेर सगळे बोलतायत."

पोरगा भला आहे. त्याच्यामुळे निर्णय अधिकच अवघड झाला. वीसमध्ये एक उणा म्हणजे एकोणीस नव्हे, शून्य. सगळा विषयच जातो. ठेवून घेतला असता तर कोणालाही कळले नसते. मी तो अर्ज पाच मिनिटे हातात धरला. खोटे बोलणार नाही, सात झाले असतील.

ज्याला नको आहे त्याला मोजून वीस करायचे, तर मी पहिला पुठ्ठा उतरवला कशाला? अर्ज त्याच्या हातात दिला. म्हटले, "वडिलांना माझ्याकडे पाठव. त्यांच्याशी मी बोलते." तो दहाव्या टेबलाकडे चालत गेला, नंतर पळत.

एकोणीस. दुपारचे दोन. तीन. कोणी आले नाही. वाणिज्यवाले सर सारखे घड्याळ बघत होते, त्यामुळे अधिकच राग आला. चारला ते उठून बाहेर गेले. चार चाळीसला मी अर्जांना दोरा बांधायला घेतला.

तेवढ्यात तीन पेनवाला. धापा टाकत, मागे दोन मित्र, आणि सगळ्यांच्या मागे सर, रुमालाने मान पुसत.

"काकू, मला अजून पटलेलं नाही. कारखानाच. रात्री मोजून काढलं मी, हे बघा." चार पाने पुढे केली. "पण हा म्हणतो माझी पद्धतच चुकीची."

"चुकीचीच आहे," मित्र.

"तर हे नीट शिकवतात कुठे? सर म्हणाले, इथे. आणि म्हणाले, पाच वाजता बंद होतं, पळ."

मी त्याची पाने पाहिली. पद्धत खरोखरच चुकीची होती, पण चूक सुरेख होती. इस्पितळाला जाणारी माणसे त्याने एकदाच मोजली होती, परत येणारी मोजलीच नव्हती. मी म्हटले, "माणसं घरी येतात की नाही?" त्याने कपाळावर हात मारला. दोघे मित्र हसत सुटले.

"अर्ज द्या," तो म्हणाला.

"आम्हालाही," ते दोघे. "नाहीतर हा वर्गात काहीही बोलेल."

बावीस. पाचला नऊ मिनिटे कमी.

सरांना म्हटले, "तुमचे तीन गेले."

"माझ्याकडे दोनशे आहेत, बाई. आणि चहाला कंपनी कोण देणार पुढच्या वर्षी?" ह्यांना पुढच्या वर्षीची आतापासून काय घाई, कोण जाणे.

पुठ्ठा काखेत मारून धावत प्रवेश कार्यालयात गेले. मी धावले हे नोंदवून ठेवते. लिपिकांनी एकेक अर्ज उलटून पाहिला. अर्जाच्या शेवटी "विषय निवडण्याचे कारण" असा रकाना आहे, तो मी मुलांवर सोडला होता, तपासला नव्हता. त्यांनी चष्मा वर केला.

"बाई, हे सोळा जणांनी 'बस' असं काय लिहिलंय?"

मी पाहिले. खरेच. कोणी "बसमुळे", कोणी "सव्वादोनची बस", एकाने "दाढी करणारा चालक." म्हटले, "हल्लीची मुलं अर्ज गांभीर्याने भरत नाहीत. दुरुस्त करून घेऊ का?"

"आता वेळ नाही. तुम्ही कुठे होतात नोकरीला?"

"बस कंपनीत. वेळापत्रक विभाग."

"हं," असे म्हणून ते हसले आणि शिक्का उचलला. त्याचा इथे काय संबंध ते कळले नाही.

सुपूर्द केले, १३ जून, संध्याकाळी ४ वाजून ५६ मिनिटे, प्रवेश कार्यालय:

मुख्य विषय अर्थशास्त्र, अर्ज बावीस. कारणाच्या रकान्यात: बस, सोळा. बँक, तीन. "आईने सांगितले", एक. "कारखान्यालाच मिळायला हवी होती", एक. "मित्र चुकतो म्हणून", एक.

नोंदवही एक, मतांशिवाय.

पुठ्ठा एक, तेहतीस ओळी. लिपिक म्हणाले, याची कार्यालयाला गरज नाही. मी म्हटले, दारात टांगा.

परत केलेले अर्ज तीन, अर्जदारांच्या हाती.

पोच मिळाली. शिक्का नीट उमटला नव्हता, दुसऱ्यांदा मारून घेतला.